झेलेन्स्कीची मुदत संपली ना, मग तो अजून अध्यक्ष कसा? आणि मूळचा तो कोण?

मोरजीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबच्या देशाचा आहे पण आमच्या अंगणातच येऊन उभा राहिला म्हणून विचारतोय. मोरजीला आमच्या घरामागे चार खोल्या आहेत, सीझनला भाड्याने देतो, वडिलांपासून चालू आहे. यंदा एका खोलीत युक्रेनमधल्या खारकीवची एक बाई आहे, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी, आणि दोन खोल्या सोडून एक रशियन जोडपं. ते जोडपं सात-आठ वर्षं येतं, आईच्या हातची सोलकढी मागून पितात. युद्ध सुरू झाल्यापासून दोन्हीकडची माणसं एकदम नकोत हे मी बुकिंग घेताना बघतो, यंदा ते नीट बघितलं गेलं नाही.

परवा संध्याकाळी सगळे अंगणात बसलेले, चहा झालेला, पोरगी माझ्या मुलाबरोबर खेळत होती. दोन्ही घरची माणसं आपसात रशियनमध्येच बोलत होती आणि हसत पण होती, मला वाटलं चला बरं झालं. मग कुठून तरी विषय निघाला आणि तो माणूस माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, यांचा अध्यक्ष आता अध्यक्षच नाही, मे २०२४ मध्ये मुदत संपली, निवडणूक घेत नाही, आणि मुळात तो टीव्हीवरचा विदूषक. बाई एक शब्द बोलली नाही. कप कठड्यावर ठेवला, मुलीला हाताला धरलं आणि खोलीत गेली. अर्ध्या तासाने मी कप उचलला तर चहा तसाच, वर साय धरलेली.

मला फार वाईट वाटलं कारण माझ्या अंगणात झालं आणि मला काही बोलता आलं नाही, बोलणार काय, मला माहीतच नाही. आपल्याकडे गोव्यात २०२२ ला पंचायतींची मुदत संपली तर प्रशासक बसवले आणि हायकोर्टाने सांगितल्यावर ऑगस्टमध्ये निवडणूक झाली, ते एवढ्या लहान गोष्टीला. मग अख्ख्या देशाच्या अध्यक्षाची मुदत संपली तर तो खुर्चीवर कसा राहतो, हे कायद्यात बसतं का? आणि हा माणूस मूळचा कोण, घरचं काय, राजकारणात कसा आला? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, व्हॉट्सॅपवर आलेलं नको.

खाणीवरला

मोरजीकरभाऊ, तो मूळचा कोण ते मी सांगतो, कारण त्याच्या गावाशी माझं मनातल्या मनात एक नातं आहे. मी साखळीकडचा, पंचवीस वर्षं खाणीवर होतो, आधी टिप्पर चालवला मग लोडिंगला. २०१८ च्या मार्चमध्ये खाणींच्या ८८ लिजेस बंद झाल्या तेव्हा घरी बसलो. करायला काही नाही, मग रात्री झोप येईपर्यंत मोबाईलवर जगभरच्या लोखंडाच्या खाणींचे व्हिडिओ बघायचो, आणि त्यात एक नाव सारखं यायचं, क्रिवी रीह. झेलेन्स्की त्या गावचा. जन्म २५ जानेवारी १९७८, तेव्हा सोव्हिएत युनियन होतं.

नावाचा अर्थ वाकडं शिंग. खाणींचा पट्टा जसा गेलाय तसं शहर लांबच लांब पसरलंय, मधेच घरं, मधेच प्रचंड खड्डा, मग परत घरं. आपल्या डिचोली-साखळीच्या पिटा त्यापुढे काहीच नाहीत. आपला माल हलक्या ग्रेडचा, बार्जमध्ये भरला की मांडवीतून मुरगावला आणि तिथून चीनला, तिथे मात्र खाणीच्या शेजारीच स्टीलचा कारखाना. तो कारखाना २००५ मध्ये लक्ष्मी मित्तलांच्या कंपनीने लिलावात ४.८ अब्ज डॉलरला घेतला, म्हणजे त्या गावातल्या कितीतरी घरांचा पगार आपल्याकडच्या एका मारवाडी माणसाच्या कंपनीतून होतो, हे मला तेव्हा वाचून फार आश्चर्य वाटलेलं.

याचे आईवडील खड्ड्यात उतरणारे कामगार नव्हते. वडील कॉम्प्युटरचे प्रोफेसर, आई इंजिनिअर. पण खाण काही सुटली नाही, हा लहान असताना वडिलांचं काम मंगोलियात एर्देनेत नावाच्या तांब्याच्या खाणीच्या गावी होतं आणि चार वर्षं तो तिथे वाढला. घर ज्यू. घरातली भाषा रशियन, युक्रेनियन त्याने नंतर घासून घासून पक्की केली, सुरुवातीच्या भाषणांत तो शब्दाला अडखळायचा. तुमच्या अंगणात दोघं एका भाषेत बोलत होते त्याचं नवल वाटून घेऊ नका, पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे लाखो लोक घरात रशियन बोलतात आणि स्वतःला युक्रेनियनच समजतात. आपण सीमेपलीकडचं बोलतो म्हणून कुणी आपल्याला पलीकडचं ठरवलं तर कसं वाटेल.

आजोबा सेम्योन दुसऱ्या महायुद्धात रेड आर्मीतून जर्मनांशी लढले. त्या आजोबांचे वडील आणि तीन भाऊ ज्यूंच्या कत्तलीत गेले. आणि रशियाने २०२२ ला सैन्य घुसवताना कारण काय दिलं, तर युक्रेनला नाझींपासून सोडवायचंय. ज्याच्या घरातली माणसं नाझींनी मारली त्याच्याबद्दल हे बोललं गेलं, ते ऐकून माझ्या जिवाला लागलं होतं, खरंच सांगतो.

तो राहायचा ती वस्ती ९५ नंबरची. तिथल्या मोठ्या इमारतींच्या गुच्छाला लोक वारूळ म्हणतात. १९९१ ला सोव्हिएत युनियन मोडलं, कारखान्यांचे पगार थकले, गल्लोगल्ली पोरांच्या टोळ्या एकमेकांची डोकी फोडायच्या, त्या दिवसांत हा मोठा झाला. कायद्याची डिग्री घेतली पण कोर्टाची पायरी चढला नाही. मित्रांना घेऊन १९९७ ला विनोदी टीम काढली, नाव ठेवलं वस्तीचंच, क्वार्तल ९५. तिकडे कावेएन म्हणून कॉलेजच्या पोरांची विनोदाची स्पर्धा असते, सोव्हिएत काळापासूनची, टीव्हीवर मॉस्कोहून दाखवायचे, तिथे ही टीम गाजली. २००३ ला कीवमध्ये स्वतःचा स्टुडिओ. रशियातही त्याचे सिनेमे आणि कार्यक्रम चालायचे, तेव्हा तुमच्या त्या रशियन पाहुण्याने कधीकाळी याला बघून पोट धरून हसलेलं असणार, विचारून बघा.

एक शेवटचं. ४ एप्रिल २०२५ ला त्याच्या ह्याच गावात, मुलांच्या खेळायच्या जागेजवळ क्षेपणास्त्र पडलं, ९ मुलं धरून २० जण गेले. मी तो फोटो बघितला, घसरगुंडी आणि झोपाळा तसाच होता. मोबाईल बंद करून बाहेर जाऊन बसलो.

वकीलबाय फोंडा

मुदतीचं मी सांगते. सगळ्यात आधी, तुमच्या पाहुण्याने सांगितलेली तारीख बरोबर आहे. झेलेन्स्कीने शपथ घेतली २० मे २०१९ ला, अध्यक्षाची मुदत पाच वर्षं, म्हणजे मे २०२४ ला पाच वर्षं पूर्ण झाली. युद्ध नसतं तर ३१ मार्च २०२४ ला मतदान झालं असतं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे.

त्यांच्या संविधानाचं कलम १०८ म्हणतं की नवा निवडून आलेला अध्यक्ष पदभार घेईपर्यंत जुना अध्यक्ष कामावर राहतो. म्हणजे पाच वर्षं झाली की खुर्ची आपोआप रिकामी होत नाही, नवा माणूस यावा लागतो. आणि नवा येणार कसा, तर मार्शल लॉ, म्हणजे युद्धकाळातली आणीबाणी, असताना अध्यक्षाची, संसदेची, स्थानिक संस्थांची, कुठलीच निवडणूक घ्यायची नाही असं त्यांच्या मार्शल लॉच्या कायद्यातच लिहिलंय. हा कायदा झेलेन्स्की येण्याच्या आधीचा. मार्शल लॉ लागला २४ फेब्रुवारी २०२२ ला, हल्ल्याच्या दिवशीच, आणि तो त्याने एकट्याने लावून ठेवलाय असंही नाही, साधारण दर ९० दिवसांनी संसदेकडे मतदानाला जातो. त्यांच्या संसदेला राडा म्हणतात. राडा म्हणजे परिषद, आपल्या मराठीतला राडा नव्हे.

आता गंमत नाही, पण मला वाचताना चमकायला झालं ती गोष्ट. संसदेची मुदत युद्धकाळात वाढते हे युक्रेनच्या संविधानात कलम ८३ मध्ये आहे. आणि आणीबाणी असेल तर लोकसभेची मुदत एकावेळी एक वर्षाने वाढवता येते हे भारताच्या संविधानात कुठे आहे? कलम ८३, पोटकलम २. तेच कलम वापरून १९७६ ला आपली लोकसभा लांबवली होती, निवडणूक झाली मार्च १९७७ ला. म्हणजे अशी सोय असणं हे काही जगावेगळं नाही, ती सोय कशासाठी वापरली हे बघायचं असतं. १९७६ ला आपल्या शहरांवर कुणी बॉम्ब टाकत नव्हतं. ब्रिटनमध्ये १९३५ नंतर थेट १९४५ ला निवडणूक झाली, मधली सगळी महायुद्धाची वर्षं तीच संसद. उलट अमेरिकेने १८६४ ला यादवी युद्धात आणि १९४४ ला महायुद्धात निवडणूक घेतली, तेही खरं. पण त्यांच्या मतदानकेंद्रावर ड्रोन येत नव्हते.

पंचायतीशी तुलना केलीत ती मला आवडली, कारण प्रश्न मनात तसाच येतो. पण बघा, आपल्याकडे प्रशासक बसले तरी पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे मतदार जागेवर होते. युक्रेनचा साधारण पाचवा हिस्सा रशियाच्या ताब्यात, साठेक लाख माणसं परदेशात निर्वासित, लाखो खंदकात. मतदारयादी करायची म्हटलं तरी कुठून सुरुवात करणार. आणि ज्या भागावर दुसऱ्याचं सैन्य बसलंय तिथल्या लोकांना वगळून निवडणूक घेतली तर तो भाग सोडून दिल्यासारखंच होतं.

फेब्रुवारी २०२५ ला ट्रम्पने त्याला निवडणुकीशिवायचा हुकूमशहा म्हटलं. त्यानंतर राडामध्ये ठराव आला की झेलेन्स्कीचा अधिकार वैध आहे आणि युद्ध थांबून शांतता झाली की निवडणूक घ्यावी. पहिल्या दिवशी ठराव पडला, २१८ मतं, लागतात २२६. दुसऱ्या दिवशी २६८ मतांनी पास झाला. पहिल्या दिवशी पडला हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जिथे हुकूमशहा असतो तिथे असा ठराव पडत नाही.

मोरजीकर

वकीलबाय, खाणीवरलेभाऊ, उपकार झाले. आईलाही वाचून दाखवलं, खेळायच्या जागेचं ऐकून ती उठून आत गेली. पण एक अजून. अध्यक्ष म्हणजे आपल्या राष्ट्रपतींसारखा, सही करणारा का? तसं असेल तर सगळं त्याच्याच नावावर का खपतं, पंतप्रधान नाही का त्यांना?

वकीलबाय फोंडा

पंतप्रधान आहे. मार्च २०२० पासून जुलै २०२५ पर्यंत श्मिहाल होते, नंतर स्विरिदेन्को नावाच्या बाई आल्या. पण राष्ट्रपतींसारखं नाही. आपले राष्ट्रपती तिन्ही दलांचे सरसेनापती, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात. तिथे अध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला आणि अधिकार वाटून दिलेले, संरक्षण आणि परराष्ट्र अध्यक्षाकडे, बाकीचा कारभार पंतप्रधान आणि संसदेकडे. सैन्याचा प्रमुख नेमायचा, काढायचा तो अध्यक्षाने. मग युद्ध आलं की जे त्याच्या वाटणीचं तेच देशाचं सगळं होऊन बसतं, शाळा आणि रस्ते मागे पडतात.

शिवाय त्याच्याकडे संसदेत स्वतःचं बहुमत होतं. शपथेच्या दिवशीच त्याने राडा बरखास्त करायचं जाहीर केलं, जुलै २०१९ ला निवडणूक झाली, त्याच्या पक्षाला निवडून आलेल्या ४२४ पैकी २५४ जागा. १९९१ ला देश स्वतंत्र झाल्यापासून एका पक्षाला एकट्याने बहुमत पहिल्यांदाच. म्हणजे कागदावर वाटून दिलेली सत्ता प्रत्यक्षात एका कार्यालयात जमा झाली. युद्धाच्या आधीच झाली, हे लक्षात ठेवा.

पेडण्याचे मास्तर

मी निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवत होतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

विदूषक म्हणून जे हिणवलं त्याबद्दल मला बोलायचंय. आमच्या पेडण्यात दशावतार बघत मी मोठा झालो. राजाचं काम करणारा माणूस रात्रभर मुकुट घालून दरबारात न्याय करतो, लिहिलेली संहिता नाही, समोरच्याने टाकलं की लगेच उत्तर द्यायचं, आणि पहाटे रंग पुसून कपड्यांची पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालू लागतो. आपल्यात म्हणतातच, रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा. या झेलेन्स्कीने २०१५ पासून एका टीव्ही मालिकेत अध्यक्षाचं काम केलं. त्यातला माणूस इतिहासाचा मास्तर, वर्गात भ्रष्टाचारावर संतापून बोलतो, एक विद्यार्थी ते गुपचूप शूट करतो, सगळीकडे पसरतं आणि तो मास्तर अध्यक्ष होतो. मालिकेचं नाव होतं 'लोकांचा सेवक', आणि पुढे पक्षालाही तेच नाव दिलं. २०१८ च्या ३१ डिसेंबरला रात्री टीव्हीवरून सांगितलं की मी उभा राहतोय. २१ एप्रिल २०१९ ला दुसऱ्या फेरीत ७३ टक्के मतं. समोर होते पोरोशेन्को, तेव्हाचे अध्यक्ष, त्यांना २४ टक्के. लोकांनी खरोखरच मुकुट उतरवू दिला नाही, उलट सकाळी बोजा म्हणून तोच डोक्यावर दिला.

आणि लोकांनी त्याला लढाईसाठी नाही निवडला. देशाच्या पूर्वेकडे दोनबासमध्ये २०१४ पासून लढाई चालूच होती, लोक कंटाळलेले, हा म्हणाला मी पुतिनशी बोलून थांबवतो. सप्टेंबर २०१९ ला कैद्यांची अदलाबदल झाली, डिसेंबरला पॅरिसमध्ये पुतिनसमोर बसला पण. बाहेर कीवमध्ये लोक ओरडत होते, शरणागती नको. जमलं नाही. २०२१ संपेपर्यंत त्याची लोकप्रियता पार उतरलेली, परदेशातल्या कंपन्यांची कागदपत्रं पॅंडोरा पेपर्समध्ये बाहेर आली त्यातही त्याचं नाव. ज्या टीव्ही चॅनलवर तो मोठा झाला त्याचा मालक कोलोमोयस्की हा धनदांडगा, त्याचाच हा माणूस असं विरोधक सांगायचे. त्या कोलोमोयस्कीला २०२३ ला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली, हाच अध्यक्ष असताना.

मग २४ फेब्रुवारी २०२२. जगाला वाटलं कीव दोन-चार दिवसांत पडणार. २५ तारखेला संध्याकाळी त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ काढला, अर्ध्या मिनिटाचा. रस्त्यावर अंधार, मागे पंतप्रधान आणि दोघे-तिघे सहकारी, आणि तो एकेकाचं नाव घेत सांगतो, हा इथे आहे, तो इथे आहे, आम्ही सगळे इथे आहोत. बस. शेवटी देशाच्या जयजयकाराची ओळ, पण लांबलचक भाषण नाही. वर्गात मी हजेरी घ्यायचो तसं वाटलं मला ते. ज्याने आयुष्यभर कॅमेऱ्यापुढे काम केलं त्यालाच कळतं की अशा वेळी भाषण नको, फक्त तोंड दाखवायचं आणि जागा दाखवायची.

मला त्या रात्री आपला गोवामुक्तीचा डिसेंबर १९६१ आठवला. मी तेव्हा लहान होतो पण मोठ्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय. पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष तेव्हा अमेरिको तोमाश, नावाला, सगळी सूत्रं पंतप्रधान सालाझारच्या हातात. लिस्बनला बसून त्याने गोव्यातल्या सैन्याला हुकूम पाठवला, शरण यायचं नाही, सैनिक आणि खलाशी एकतर जिंकलेले दिसतील नाहीतर मेलेले. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाने ते ऐकलं नाही, १९ डिसेंबरला शरणागती दिली, हजारो जीव वाचले, आणि बक्षीस म्हणून सैन्यातून हकालपट्टी झाली. हे दोन प्रसंग सारखे नाहीत हे मला कळतं. सालाझार दुसऱ्याची भूमी धरून ठेवायला माणसं मारायला निघालेला, झेलेन्स्की स्वतःच्या गावात उभा होता. पण मरेपर्यंत लढा असं जो सांगतो तो स्वतः कुठे उभा आहे, हे मी तेव्हापासून प्रत्येक युद्धात आधी बघतो. आणि या माणसाबद्दलचा माझा आदर त्या एका गोष्टीवर टिकून आहे.

मडगावची आत्या

मास्तर, तुमचं सगळं पटलं पण मला पुढचं बोलू द्या, कारण आमच्या घरात हे वेगळ्या बाजूनेही आलंय.

माझा भाचा खारकीवला एमबीबीएस करत होता. २४ तारखेपासून होस्टेलच्या तळघरात, मेट्रोच्या स्टेशनात, पाण्याच्या बाटल्या मोजून. २ मार्चला आपल्या दूतावासाचा निरोप आला, संध्याकाळी ६ च्या आत खारकीव सोडा, गाडी नाही मिळाली तर चालत पिसोचिनला जा. ही पोरं चालली, बर्फात, बॅगा रस्त्यात टाकत. त्याने मला फोनवर सांगितलं, आत्या, पाय लागत नाहीत जमिनीला. मग बऱ्याच दिवसांनी पोलंडहून ऑपरेशन गंगाच्या विमानाने आला. घरी आल्यावर दोन दिवस बुटांची लेस सुटेना, बोटं सुजलेली, मी कात्रीने कापली.

पण त्याला पिसोचिनपर्यंत वाट दाखवत नेणारा एक तिथलाच पोरगा होता, त्याचा वर्गमित्र. तो परत फिरला. १८ ते ६० च्या पुरुषांनी देश सोडायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून. २०२४ च्या एप्रिलमध्ये सक्तीच्या भरतीचं वय २७ वरून २५ वर आणलं, त्याखाली सही झेलेन्स्कीचीच. भाचा त्याच्याशी अजून बोलतो. मध्ये सहा महिने तो घराबाहेर पडायचा नाही, भरतीवाले रस्त्यात माणसं धरून गाडीत घालतात म्हणून. ऑगस्ट २०२५ ला १८ ते २२ वयाच्या पोरांना बाहेर जायची परवानगी दिली, पण हा त्यापेक्षा मोठा. त्याची आई म्हणते अध्यक्ष शूर आहे हे मान्य, पण माझा एकुलता एक आहे.

म्हणून मला वाटतं मोरजीकर, तुम्ही त्या बाईला जाऊन झेलेन्स्की किती थोर ते सांगायला जाऊ नका. तिचं घर, तिचा नवरा कुठे असेल, काय असेल, आपल्याला काय माहीत. युद्ध सुरू झाल्यावर त्याने सगळ्या चॅनलवर एकच बातम्यांचा कार्यक्रम लावला, पहिल्या महिन्यात लोकांना तो हवा होता, पुढे वर्षानुवर्षं तेच, लोक वैतागले. सेनापती झालुझ्नी, ज्याच्यावर लोकांचा एवढा जीव, त्याला फेब्रुवारी २०२४ ला काढलं आणि लंडनला राजदूत करून पाठवलं. तिथली माणसं ह्यावर बोलतात, भांडतात. भाच्याचा मित्र तर शिव्या घालतो.

वकीलबाय फोंडा

आत्या म्हणतात ते सगळं बरोबर आहे, त्यात एक भर घालते कारण मोरजीकरांना नंतर कुणी विचारलं तर अर्धवट नको.

जुलै २०२५ ला राडाने एक कायदा पास केला आणि त्याच दिवशी झेलेन्स्कीने सही केली. भ्रष्टाचार शोधणारी संस्था नाबू आणि तिचं खास सरकारी वकिलांचं कार्यालय, दोघांचं स्वातंत्र्य त्या कायद्याने गेलं असतं. त्याच रात्री कीवमध्ये लोक रस्त्यावर आले, युद्धात, मार्शल लॉ असताना, जास्त करून तरुण पोरं, हाताने लिहिलेले पुठ्ठे घेऊन. नऊ दिवसांत, ३१ जुलैला, कायदा फिरवावा लागला. मग नोव्हेंबरला त्याच नाबूने अणुऊर्जेच्या सरकारी कंपनीतलं कमिशन खाण्याचं प्रकरण बाहेर काढलं, त्यात क्वार्तल ९५ चा एक सहमालकही आरोपी, तो आधीच देश सोडून गेलेला. त्या महिन्याच्या २८ तारखेला येरमाकच्या घरावर झडती आणि संध्याकाळपर्यंत राजीनामा. येरमाक म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयाचा प्रमुख, त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत मागे उभा होता ना, त्यातलाच एक. निवडून न येता देशातला दोन नंबरचा माणूस समजला जायचा.

मला या सगळ्यात त्या पुठ्ठेवाल्या पोरांचं जास्त कौतुक आहे. बाहेरच्या शत्रूपुढे अध्यक्षाच्या मागे उभं राहायचं आणि त्याने घरात वाकडं पाऊल टाकलं की त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, रात्री सायरन वाजला की परत तळघरात. माझ्या ऑफिसात जुनियर मुली येतात त्यांना मी ते फोटो दाखवलेत.

खाणीवरला

हे मला माहीत नव्हतं बाय. सहमालक म्हणजे गावच्या वस्तीच्या नावाने काढलेल्या कंपनीतला. वाईट वाटलं.

मोरजीकर

सगळ्यांना उत्तर द्यायला दोन दिवस लागले, खोल्यांची गडबड होती.

आत्या, तुमचं ऐकलं. तिच्याकडे झेलेन्स्कीचा विषय मी काढलाच नाही. काल सकाळी आईने शिरवाळे केलेले, घेऊन गेलो, आणि नुसतं म्हटलं की परवा माझ्या अंगणात झालं ते बरं नाही झालं, मला माफ करा. ती दारातच उभी होती. मग स्वतःच बोलली, बरंच बोलली. २०१९ ला तिने पोरोशेन्कोला मत दिलेलं, झेलेन्स्की तिला कधीच आवडला नाही, येरमाकचा तर तिला भयंकर राग. नवरा पोल्तावाला आहे, रेल्वेत, अजून बोलावणं आलेलं नाही, फोन वाजला की तिच्या पोटात गोळा येतो. आणि म्हणाली, मी त्याला रोज शिव्या देते, निवडणूक झाली तर मत पण देणार नाही, पण तो माझा अध्यक्ष आहे, तो कधी उतरणार हे मॉस्कोतून आलेल्या माणसाने मला अंगणात बसून सांगायचं नाही.

रशियन माणसाला मी मुदतीचं सांगितलं, कलम १०८ आणि राडाच्या मतदानासकट, वकीलबायनी लिहिलेलं तसंच्या तसं. त्याने ऐकून घेतलं. खाणीवरलेभाऊ, कावेएनचं पण विचारलं, तर म्हणाला हो, बघायचो, आमच्या घरी सगळे बघायचे, आणि मग बराच वेळ गप्प बसला.

आज पोदेर, म्हणजे पाववाला, आला तेव्हा त्या रशियन माणसाने नेहमीपेक्षा चार पाव जास्त घेतले आणि पिशवी तिच्या दाराच्या कडीला अडकवून गेला. दुपारपर्यंत तशीच होती. मग पोरगीने घेतली, आत नेली.

देव बरें करूं सगळ्यांचं.